धडधडीचा इतिहास

कोरपना तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बाया बोलतो आहोत. आवाज एकीचा असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे. आमच्यातल्या समन्वयक ताईने वाचून, विचारून हे लिहून काढलं. बाकीच्यांनी बैठकीत ऐकलं आणि शब्द जड झाला की "बाई, आपल्या भाषेत सांग" म्हणून तिला थांबवलं.

आज विषय कर्जाचा नाही, शेळीपालनाचाही नाही. आज छातीतल्या धडधडीबद्दल बोलायचं आहे. नवराबायकोच्या नात्यात, प्रेमात, भांडणात, विरहात आपल्या शरीरात जे होतं, त्याला आजवर कोणी काय काय म्हटलं आणि खरं ते काय असतं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात आमच्याच बैठकीतून करतो. कापूस वेचणीचे दिवस होते. दिवसभर सगळ्या वावरात, म्हणून बैठक सांजच्याला ठेवली होती. हप्त्याचे पैसे मोजायचं काम आमच्या एका सखीकडे होतं. तिची मोजणी कधी चुकत नाही. तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला आणि तिचे हात थांबले. नोटा मांडीवर पडल्या, ओठ सुकले. गाडी पुढे निघून गेली, ती दुसऱ्याच कोणाची होती. ती पुन्हा मोजायला लागली, पण तीनदा मोजूनही हिशोब जुळेना. कोणीतरी हसलं आणि म्हणालं, "इतकी काहून घाबरते? नवराच हाय ना, वाघ थोडीच हाय!"

ती हळूच म्हणाली, "वाघापासून पळता तरी येते."

मग तिने थोडं थोडं सांगितलं. रात्री झोप नाही. सांज झाली की पोटात गोळा येतो. घास उतरत नाही. हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात नाटक करते. आणि आम्ही तिला काय सांगितलं असेल? "सगळ्यांच्याच घरी असते बाई. सहन कर. लेकरांकडे पाह." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून एका चांगल्या बाईला खोटं पाडलं. ते आम्हाला नंतर समजलं, आणि समजल्यावर फार लागलं. म्हणून हे बोलणं.

आमच्या गटांत मराठी बोलणाऱ्या आहेत, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या आहेत, तेलंगणाच्या बाजूने लग्न होऊन आलेल्या तेलुगू बोलणाऱ्याही आहेत. नुसती मराठीच घ्या. जीव घाबरतो, काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातापायातलं बळ जातं, घसा दाटून येतो, अंगावर काटा येतो. आणि प्रेमाचं बोलायचं तर जीव जडतो, जीव लागतो, जीव भांड्यात पडतो. म्हणजे मनातलं सगळं आपण शरीरावरूनच सांगतो. आपल्या आज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण मन आणि शरीर वेगळं नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते कसं चालतं, हे मात्र कळायला फार वर्षं लागली.

आपल्या जिल्ह्याच्या जागेवरूनच पुढे जाऊ. चंद्रपूरला अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यात राजा बीरशहाची समाधी सगळ्यांत मोठी. ती बांधली राणी हिराईने. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नवरा गेला, पोटचा मुलगा नव्हता, दत्तक रामशहा लहान होता. राणीने राज्य सांभाळलं. महाकालीच्या देवळाशीही तिचंच नाव जोडलेलं आहे. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेल्या ताजमहालाचं नाव सगळं जग घेतं. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी आपल्या उशाशी आहे, आणि आपल्यापैकी कित्येकींनी बाजाराला जाऊनही ती पाहिलेली नाही.

राणी होती म्हणून तिचं दुःख दगडात उभं राहिलं. बाकीच्या बायांचं दुःख कुठे गेलं? काही जात्यावर गेलं. पहाटे दळताना बायांनी नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, माहेरबद्दल जे गायलं, ते दुसरीकडे कुठे बोलताच येत नव्हतं. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. आणि जे जात्यावरही बोलता आलं नाही, ते शरीरात राहिलं. कोणाला झटके आले, कोणाची दातखीळ बसली, कोणी बोलायची बंद झाली. गावाने म्हटलं, बाहेरचं लागलं. कोणी म्हटलं, अंगात आलं. कोणी म्हटलं, सोंग करते.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. युरोपातले शिकलेले डॉक्टरही शेकडो वर्षं हेच करत होते. बाई रडली, थरथरली, बेशुद्ध पडली की ते म्हणत 'हिस्टेरिया'. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला. जुन्या काळी तिकडे असाही समज होता की बाईचं गर्भाशय अंगात इकडेतिकडे फिरतं आणि म्हणून ती अशी वागते. पुढे १८७० नंतर पॅरिसमधल्या शार्को नावाच्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं की हा त्रास गर्भाशयाचा नाही, मज्जासंस्थेचा आहे. पण तोही रोगी बायांना भरसभेत उभं करून त्यांचे झटके लोकांना दाखवायचा. तुला घरी काय होतं, कोणाची भीती वाटते, हे विचारायची तेव्हा रीत नव्हती. अमेरिकेतल्या मानसरोगांच्या अधिकृत यादीतून 'हिस्टेरिया' हे नाव निघालं ते १९८० साली. म्हणजे आमच्यातल्या काही ताया जन्मल्या तोवर ते नाव चालू होतं.

त्याच शार्कोच्या काळात आपल्या मुंबईत एक मराठी मुलगी कोर्टात उभी होती. तिचं नाव रखमाबाई. जन्म १८६४चा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाबाईचं लग्न ११व्या वर्षी लागलं, दादाजी भिकाजी नावाच्या १९ वर्षांच्या मुलाशी. पण ती नांदायला गेली नाही. सावत्र वडिलांच्या घरी राहिली, पुस्तकं वाचली, मोठी झाली. १८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की माझी बायको मला नांदायला द्या.

रखमाबाईने सांगितलं, मी जाणार नाही. तिच्या बाजूने दादाजीची गरिबी, त्याची तब्येत अशी कारणं दिली गेली. पण मुळातलं कारण एकच होतं. हे लग्न मला न विचारता, मला समज नसताना लावलं. त्या माणसाबरोबर राहायला माझं मन तयार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. मग केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रं दोन बाजूंनी लढली. अपील झालं, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाईन.

हे आम्ही बैठकीत वाचलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. ती २२ वर्षांची होती. तिला वाघाने गाठलं नव्हतं, कोणी बांधूनही ठेवलं नव्हतं. तरी तुरुंग बरा म्हणाली. कायद्याला हे समजेना, कारण कायद्याच्या हिशोबात लग्न म्हणजे घर, नाव आणि ताबा. बाईच्या जिवाला त्या घरात कसं वाटेल, याचा रकाना त्या हिशोबात नव्हता. शेवटी १८८८ मध्ये दादाजीने २००० रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेली, लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरत, राजकोट इथे अनेक वर्षं बायांवर उपचार करत राहिली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ झालं. आज ते ऐकून अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यासाठीही मोठी लढाई झाली, आणि रखमाबाईच्या खटल्याने त्या लढाईला जोर दिला.

रखमाबाई जे सांगत होती ते शरीराच्या भाषेत कसं मांडायचं, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. ते पुढच्या ३०-४० वर्षांत कळत गेलं. आता ती गोष्ट.

आपल्या अंगात मेंदू आहे, पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जारज्जू आहे आणि तिथून अंगभर गेलेल्या नसा आहेत. शाळेच्या पुस्तकात याला चेतासंस्था किंवा मज्जासंस्था म्हणतात. यातला काही भाग आपल्या हुकमाने चालतो. हात उचल म्हटलं की हात उचलतो. पण एक भाग आपल्याला न विचारता चालतो. काळीज धडधडणं, पोटातलं पचन, घाम, डोळ्यातली बाहुली लहानमोठी होणं, हे सगळं त्याच्याकडे. इंग्लंडमधल्या लँगली नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ साली त्याला जे नाव दिलं, त्याला आपल्याकडे स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपलं आपण चालणारी.

अमेरिकेत कॅनन नावाचा एक विद्यार्थी होता. तेव्हा एक्सरे नुकतेच निघाले होते. मांजराला एक्सरेत दिसेल असं औषध घालून खाऊ द्यायचं आणि पोटात अन्न कसं फिरतं ते पाहायचं, असं त्याचं काम. त्याला एक गोष्ट दिसली. मांजर शांत असलं की पोट छान हलतं. मांजर चिडलं, घाबरलं की पोटाची हालचाल बंद! पुढे तो त्याच प्रश्नाच्या मागे लागला आणि १९१५ साली त्याने भीती, राग, भूक आणि वेदना यांनी शरीरात काय बदल होतात यावर पुस्तक लिहिलं. लढा नाहीतर पळा, यासाठी शरीर कसं तयार होतं हे त्याने दाखवलं. संकट दिसलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून रस सुटतो. काळीज जोरात चालतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जातं, साखर रक्तात येते, तोंड सुकतं, पोटाचं काम थांबतं. जीव वाचवायच्या वेळी जेवण पचवत कोण बसेल?

आमची सखी म्हणाली होती की घास उतरत नाही. तिचं नाटक नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी मांजराच्या पोटात दिसलं, तेच तिच्या पोटात होत होतं.

बैलाच्या गोष्टीने सांगतो. या स्वायत्त यंत्रणेत दोन हात आहेत. एक तुतारी टोचणारा, दुसरा कासरा ओढणारा. तुतारी टोचली की बैल उधळतो. हे संकटाचं काम. कासरा ओढला की बैल थांबतो, दम खातो, रवंथ करतो. हे विसाव्याचं काम. पुस्तकात एकाला अनुकंपी आणि दुसऱ्याला परानुकंपी म्हणतात, पण आपण तुतारी आणि कासराच म्हणू. कासऱ्याची मुख्य नस मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात जाते. तिचं नाव व्हेगस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ भटकी. घरोघर फिरणाऱ्या बाईसारखी ती काळीज, फुप्फुस, पोट सगळ्यांना भेटत जाते.

ही भटकी काळजाला कसं शांत करते, याचा शोध तर फारच नवलाचा. ऑस्ट्रियात लोवी नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. अर्ध्या झोपेत कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र तो उठून सरळ प्रयोगशाळेत गेला. दोन बेडकांची काळजं घेतली, दोन्ही चालू. पहिल्याची ही नस चेतवली, ते काळीज हळू झालं. मग त्याच्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या काळजावर सोडलं. त्याला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही हळू झालं. म्हणजे नसेतून एक रस सुटतो आणि तो निरोप देतो. हा शोध १९२१ सालचा, आणि १९३६ साली त्यासाठी नोबेल मिळालं.

इतकं ऐकल्यावर आमच्यातल्या एका आजीने विचारलं, "मंग मायेच्या माणसाजवळ बसलं का जीव निवते, तेही असंच का?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर पुढे येईल. त्याआधी शेजारच्या गडचिरोलीत जाऊ.

डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. आजारी पडून दवाखान्यात आलेल्या बाया नव्हेत, गावातल्या, घरातल्या. त्यातल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर आजार. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. तोवर सरकारी दवाखान्यात बाईची ओळख बाळंतपण आणि नसबंदी एवढीच होती.

आज हे सांगायचं कारण असं की या बाया गप्प का राहिल्या, तेही आपल्या विषयातलंच आहे. अंगावरून जातं, संबंधाच्या वेळी दुखतं, हे नवऱ्याला सांगायचं कसं? सांगितलं तर तो काय म्हणेल? जिथे भीती आहे तिथे बाई दुखणं सांगत नाही. दुखणं सांगत नाही म्हणून वाढतं, वाढतं म्हणून जवळीक नको वाटते, नको वाटते म्हणून भांडण होतं, आणि भांडण होतं म्हणून भीती वाढते. हे चाक फिरत राहतं. राणीताईंनी पुढे बायांचं बोलणं ऐकून जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'कानोसा'. आपल्याला हाच शब्द हवा आहे. भिंतीपलीकडचं ऐकायला आपण कानोसा घेतो, तसा आपल्या शरीराचाही घ्यायचा.

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो. २००६ साली अमेरिकेत कोन आणि त्यांच्या सोबत्यांचा एक प्रयोग छापून आला. १६ लग्न झालेल्या बाया घेतल्या. मेंदूचं काम दाखवणाऱ्या मशीनमध्ये एकेकीला झोपवलं आणि सांगितलं की पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो. मग पाहिलं की भीतीच्या वेळी मेंदूत काय होतं. एकदा कोणाचाच हात धरायला दिला नाही. एकदा अनोळखी माणसाचा दिला. एकदा नवऱ्याचा दिला. अनोळखी हातानेही थोडा आधार झाला. नवऱ्याचा हात धरला तेव्हा भीतीची खळबळ सर्वांत जास्त उतरली. आणि ज्यांचं नवऱ्याशी नातं चांगलं होतं, त्यांची आणखी जास्त उतरली.

म्हणजे आजी, मायेच्या माणसाने जीव निवतो हे खरंच आहे. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू आम्हाला रात्रभर जागवून गेली. ज्या हाताने जीव सर्वांत जास्त निवू शकतो, तोच हात मारणारा निघाला तर? मग शरीराला विसावा घ्यायला जागाच उरत नाही. वाघ रानात असतो, घरी आलं की सुटका. पण भीतीच घरात राहत असेल, तर तुतारी रात्रंदिवस टोचत राहते. कासरा ढिला पडतो. झोप जाते, पोट बिघडतं, डोकं दुखतं, अंग दुखतं, पाळी मागेपुढे होते, लेकरावर विनाकारण हात उठतो.

पोरींनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. आवडता माणूस दिसला की छाती धडधडते, आणि मारणारा माणूस दिसला तरी धडधडते. दोन्हीकडे तुतारी तीच. म्हणून सिनेमात दाखवतात तशी नुसती धडधड म्हणजे प्रेम, असं समजू नका. धडधडीनंतर काय होतं ते पाहा. त्याच्याजवळ थोडा वेळ बसल्यावर जीव बसतो का? पोटभर जेवता येतं का? 'नाही' म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर पुढे काय होतं? फोन वाजला की तोंडावर हसू येतं की पोटात गोळा येतो? तो सारखा कुठे आहेस, कोणाशी बोललीस विचारतो, त्याला काही जणी माया म्हणतात. तुमच्या पोटाला विचारा, ते काय म्हणतं.

आणखी एक. लढणं आणि पळणं याशिवाय शरीराला तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे गोठून जाणं. अनेक जनावरं संकटात मेल्यासारखी पडून राहतात. माणसाचंही तसं होतं. आवाज फुटत नाही, हात हलत नाही. नंतर लोक विचारतात, ओरडली काहून नाहीस? पळाली काहून नाहीस? ती गोठली होती, तिने होकार दिला नव्हता. हे वाक्य आम्ही आमच्या गटाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

दुःखाचंही तसंच. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका आजाराबद्दल लिहिलं. मोठा धक्का बसला, जिवलग माणूस गेलं, की काहींचं काळीज एका बाजूने फुगतं. तपासणीत ते तिकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखं दिसतं, म्हणून त्याला त्या मडक्याचंच नाव पडलं, ताकोत्सुबो. हा आजार जास्त करून पाळी गेलेल्या बायांना होतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, काहींच्या जिवावरही बेततं. काळीज फाटलं असं आपण म्हणतो, त्यात तथ्य आहे. समाधी बांधणाऱ्या हिराईच्या छातीत काय झालं असेल, ते कोणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या छातीत काय होतं ते मात्र सांगता येतं. छाती दुखली, दम लागला, तर 'टेन्शन असेल' म्हणून बसू नका. १०८ ला फोन करा. आणि रोजची धडधड असेल तर आधी रक्त तपासा. रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉइडनेही धडधडतं. आपल्या भागात सिकलसेल आहे, तेही पाहून घ्या. सगळं मनाचं म्हणून सोडायचं नाही आणि सगळं अंगाचं म्हणूनही सोडायचं नाही.

पुरुषांचं काय, असं आमच्यातल्या काही जणींनी विचारलं. त्यांचं शरीरही असंच आहे. कापसाचा भाव पडतो, सोयाबीन सडतं, सावकार दारात येतो, कंत्राटी काम कधी सुटेल याचा नेम नसतो. त्यांनाही तुतारी टोचते. पण घाबरलो असं म्हणायला त्यांना कोणी शिकवलं नाही, म्हणून त्यांची भीती रागाच्या रूपाने बाहेर येते. हे समजून घेतलं तर घरात बोलता येतं. मात्र राग समजून घ्यायचा, मार समजून घ्यायचा नाही. त्याच माणसाचा हात साहेबासमोर उठत नाही, बायकोवरच उठतो. म्हणजे तो हात आवरता येतो.

कायदाही आता रखमाबाईच्या काळाहून पुढे आला आहे. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, धमकी, अपमान, पैसे अडवणं हेही धरलं आहे. म्हणजे अंगावर वळ नसला तरी बाईच्या जिवाला काय होतं, ते विचारणारा रकाना कायद्यात आला. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. बायांसाठी १८१ हा नंबर आहे, तातडीला ११२. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा मोफत नंबर २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. हे नंबर आम्ही हिशोबाच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले. घराच्या भिंतीवर लिहिले तर पुसले जातात, वहीला कोणी हात लावत नाही.

घरच्या घरी करता येईल असंही एक सांगतो. श्वास घेताना काळीज थोडं वेगाने चालतं आणि सोडताना हळू. म्हणून श्वास सावकाश, लांब सोडला की कासरा ओढला जातो. जात्यावर लांब ओवी गाताना आपल्या आज्यांचा श्वास असाच सुटत असे. दिवसातून चार-पाच वेळा करून पाहा. पण लांब श्वासाने मार थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. श्वास आपल्याला सावध करतो. पुढचं पाऊल माणसांच्या सोबतीने टाकावं लागतं.

आमच्या सखीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही तिची माफी मागितली. मग पहिल्यांदा विचारलं, "तुला काय पाहिजे?" तिने दोन महिने विचार केला. ती अजून त्याच घरात आहे. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं, आम्ही तिला ढकलत नाही आणि अडवतही नाही. ती दवाखान्यात जाऊन आली. रक्त कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. नवऱ्याला तिने एकदा सांगितलं की माझ्या मागे गटाच्या अकरा बाया आहेत. त्यानंतर काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. एक पिशवी भरून तिने शेजारणीकडे ठेवली आहे. त्यात कागदपत्रं आणि लेकरांचे कपडे आहेत.

आमच्या बैठकीत पंचसूत्री आहे. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोब. त्याआधी आम्ही आता पाच मिनिटं काढतो आणि एकमेकींना विचारतो, "जीव कसा हाय?" सुरुवातीला हसू यायचं. आता बाया खरं सांगतात. कोणी म्हणते बरा आहे, कोणी म्हणते दोन रात्री झोपली नाही. सांगितलेलं गटाबाहेर जात नाही, हा आमचा नियम.

रस्त्यावर गाडी वाजली की आमच्या सखीचा हात आजही थांबतो. आता कोणी हसत नाही. शेजारी बसलेली बाई तिच्या हातावर आपला हात ठेवते. थोडा वेळ जातो. मग ती पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला लागते.

तुमच्या गटातही अशी कोणी असेल. तिला एकदा विचारा.